डोळे मिटून बसा, उतरते

पोळा होतो, बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा असतो, आणि तेवढ्यात बाभुळगावच्या हवेत तो वास येऊन बसतो. गोडसर, उग्र, जिभेच्या मुळाशी चिकटणारा. बाहेरगावचा माणूस एसटीतून उतरला की नाक मुरडून विचारतो, कुठं काही जळतंय का? काही जळत नसतं. गावाच्या चहूबाजूंनी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषधाची फवारणी सुरू झालेली असते. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नाही, निदान तसं आम्ही दाखवतो. मी माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या खिडक्या लावून घेते आणि मुलं कुरकुरतात, की म्याडम, उकडून राह्यलं, एक तरी खिडकी उघडा. मी उघडत नाही. मुलांना वाटतं, धुळीनं कॉम्प्युटर खराब होतील म्हणून म्याडम खिडक्या लावतात. वाटू दे.

क्लासमध्ये लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या फळीवर जुन्या प्रिंटरच्या कव्हरखाली एक हेडसेट पडून आहे. डोळ्यांवर बांधायचा, आत पाहिलं की आपण दुसरीकडेच कुठंतरी उभे आहोत असं वाटायला लावणारा तो काळा डबा. वर्षाचे आठ-नऊ महिने माझं त्याच्याकडे लक्षही जात नाही. खाली हजेरीपट, वर तो, मधून मी रोज हात घालते. पण हा वास आला की कपाट उघडताना माझी मान आपोआप खाली जाते.

यंदा तो वास आला त्याच आठवड्यात एक फोन आला. पुण्याची कुठली तरी कंपनी, बोलणारी मुलगी तिशीच्या आतली, आवाज गोड. "मॅडम, तुम्ही पूर्वी हेडसेटचे डेमो केले होते ना? त्यावरून तुमचा नंबर मिळाला. तुमच्या भागात या प्रॉडक्टला मार्केट कसं राहील, एवढं एक पानभर लिहून द्याल? अगदी प्रामाणिक फीडबॅक हवाय." प्रामाणिक हा शब्द तिनं इतक्या सहज उच्चारला की मला तिचा रागच आला. तिचा काही दोष नव्हता. मी म्हटलं, कळवते, आणि फोन ठेवला.

मार्केटचं मला कळतं, हे मी गर्वानं नाही, वयानं सांगते. आमच्या चौकातल्या या खोलीसमोरून सगळं गेलं आहे. एसटीडीची पिवळी पेटी गेली, छतावरच्या छत्र्या गेल्या, मोबाइलमध्ये गाणी भरून देणारी पोरं गेली, आता ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायला लोक माझ्याकडे येतात, उद्या तेही येणार नाहीत. कोणती वस्तू चालेल हे मला गिऱ्हाइकाच्या हातावरून समजतं. ज्याला घ्यायचं असतं तो वस्तू उलटी करतो, बुडाशी बघतो, कुठं उघडते ते चाचपतो, नखानं खरवडतो. फवारणीचा बॅटरीवरचा पंप आला तेव्हा लोकांनी तो असाच उलटापालटा केला होता आणि पुढच्या हंगामात तो घरोघरी होता. हेडसेट कुणीच उलटा केला नाही. डोळ्यांवरून काढला की माणसं तो दोन्ही हातांनी माझ्याकडे परत द्यायची, आरतीचं ताट पुढच्याला द्यावं तशी. आणि मग विचारायची, "उद्या येता काय?"

तो तीन वर्षांपूर्वीचा भाद्रपद होता. निखिल नावाचा एक चुणचुणीत मुलगा कंपनीतर्फे आला होता. एक वेगळीच कंपनी, यंदा फोन करणारी नव्हे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे खेळ आणि सिनेमे हे सगळं शहराचं. खेड्यात हेडसेट विकला जाईल तो प्रशिक्षणासाठी. फवारणी कशी करायची, वारा कुठून येतो ते कसं ओळखायचं, तोंड कसं झाकायचं, हे सगळं औषधाचा थेंबही न उडवता शिकवता येईल. "मॅडम, थोड्याच वर्षांत प्रत्येक कृषी केंद्रात एक असेल," असं तो म्हणायचा आणि म्हणताना त्याचे डोळे खरंच चमकायचे. मला तो आवडला होता. माझा क्लास तेव्हा रडतखडत चालला होता आणि पंधरा गावांत फिरून लोकांना हेडसेट लावायचा, त्यांचं मत फॉर्मवर लिहायचं, हे काम माझ्याकडे आपणहून चालत आलं होतं. पण नुसत्या कामासाठी मी गेले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. फवारणीत माणसं आजारी पडतात हे इथं कोणाला ठाऊक नाही? मला वाटलं होतं, आपल्या हातून एखादं चांगलं काम होतंय.

त्या दिवसांतली मजाही होती, ती नाकारत नाही. पुरुषांच्या डोक्याला पट्टा बांधायचा म्हणजे आधी टोपी काढायला लावायची, मग केसांचं तेल पुसायचं, मग मागून बक्कल आवळायचं. माणूस लाजून अर्धा होई. बाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसत. एक जण तर मोठ्यानं बोलली, "आमच्या घरच्यानं मले बी कधी इतकं डोक्शाले हात लावू देल्ला नाही वो म्याडम!" हेडसेट लावलेला माणूस गावच्या चावडीवर उभा राहून रिकाम्या हवेत नळी फिरवायचा, मध्येच खाली वाकून न दिसणारं रोप बाजूला करायचा, आणि पोरंसोरं खिदळायची. आतल्या कार्यक्रमात वारा निळ्या रेघांनी दाखवला होता. वाऱ्याच्या तोंडावर फवारलं तर सगळं लाल व्हायचं आणि घंटी वाजायची.

लोकांच्या नजरेतून काही सुटत नाही. पहिल्याच गावात एकानं विचारलं, "हे वावर कोनाचं व्हय? पऱ्हाटी तं मांडीएवढीच हाय." खरंच होतं. कार्यक्रमातली पऱ्हाटी गुडघ्याच्या थोडी वर होती, ओळी सरळ होत्या, आभाळ स्वच्छ होतं. आमच्याकडे त्या वर्षी पाऊस असा लागून राहिला होता की पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि ओळीत शिरलेला माणूस धुऱ्यावरून, बांधावरून दिसत नव्हता. दुसरं कुणीच विचारलं नाही, पण मी पाहिलं. आतल्या वावरात बाई नव्हती. इथं फवारणी करणाऱ्यामागं हंडा घेऊन एक बाई असतेच, ती नाल्यावरून पाणी आणते, ड्रममध्ये काडीनं औषध ढवळते, पंप भरून त्याच्या पाठीवर चढवते. हेडसेटमध्ये पंप आपोआप भरायचा. आणि त्यात वास नव्हता, हे तर सांगायलाच नको.

एकच अडचण सगळीकडे यायची. हेडसेट काढला की माणसाला गरगरायचं. कुणाला मळमळ, कुणाला दरदरून घाम, कुणाला डोळ्यांपुढं धुरकट. निखिलनं हे मला आधीच सांगून ठेवलं होतं, कारण या धंद्याचं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. पहिल्यांदा लावणाऱ्याला मळमळलं की तो दुसऱ्यांदा लावत नाही, म्हणून ग्राहकाला घाबरू द्यायचं नाही. "त्यांना सांगा, नॉर्मल आहे, टेम्पररी आहे." नॉर्मल आणि टेम्पररीचं आमच्या भाषेत मी माझ्या परीनं करून घेतलं होतं. मी पर्समध्ये लिंबं ठेवायची. माणूस डगमगला की त्याला सावलीत बसवायची, हातात लिंबू द्यायची आणि म्हणायची, "काही नाही होत. निंबू हुंगा. डोळे मिटून बसा, उतरते." आणि थोड्या वेळात खरंच उतरायचं. प्रत्येकाचं उतरायचं. मला त्या वाक्याचा अभिमान वाटायला लागला होता.

किसन मला भेटला तो गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर. तिशी ओलांडलेला, अंगानं काटक, हसताना वरचे दात दिसायचे. स्वतःचं वावर असं नव्हतं. लोकांच्या वावरांत फवारणीला जायचा आणि त्याच्या हाताला नाव होतं. त्याची बायको सुमन त्याच्यामागं पाणी वाहायची. मुलगी चंदा तेव्हा पाच वर्षांची होती, बापाच्या पायाला धरून उभी. किसननं हेडसेट लावला आणि घंटी एकदाही वाजली नाही. त्यानं निळ्या रेघा पाहून पाय फिरवले, नळी खाली धरली, मागं मागं सरकत ओळ संपवली. निखिल माझ्या शेजारी उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता आणि हळूच म्हणत होता, "मॅडम, हा माणूस म्हणजे आपली जाहिरात आहे. अजून एकदा करायला सांगा." मी सांगितलं. किसननं अजून एकदा केलं. मग तिसऱ्यांदा.

जो चांगलं करी त्याला मी बक्षीस म्हणून एक मिनिटभर समुद्र दाखवत असे. कंपनीनं नमुन्यादाखल दिलेल्या चित्रांत तो होता. किसननं समुद्र पाहिला. मग दोन्ही हात पुढं करून चार पावलं चालला. पायाखाली तांड्याची माती, गोवऱ्या, एक कोंबडी; पण तो पाण्यात चालल्यासारखा पाय उचलून टाकत होता. "किती दूर हाय याचं ते टोक?" त्यानं विचारलं. मी हसून म्हटलं, त्याला टोक नाही. "मंग आनखी थोडं पाहू द्या, म्याडम." मी पाहू दिलं, नियमापेक्षा बरंच जास्त. माणसाला आनंद होतोय तर कशाला थांबवा, असं मला वाटलं, आणि निखिलचं चित्रण चालूच होतं.

काढल्यावर तो कडुनिंबाला धरून खालीच बसला. तोंड पांढरं पडलं, कपाळावर घाम. "डोयापुढं समदं पुसट पुसट झालं वो." सुमन घाबरून धावली. मी शांतपणे तिला बाजूला केलं, लिंबू त्याच्या हातात दिलं आणि माझं वाक्य म्हटलं. तो डोळे मिटून बसला. थोड्या वेळानं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि सगळे दात दाखवून हसला. "उतरलं! जसं म्हनलं तसंच उतरलं!" सगळा तांडा हसला. लिंबू त्यानं शर्टाच्या खिशात टाकलं. दुपारी त्याला एका वावरात फवारणीला जायचं होतं, तो पंप घेऊन गेला; मी आणि निखिल पुढच्या गावाला गेलो. जाताना गाडीत निखिल ते चित्रण पुन्हा पुन्हा बघत होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सुमनच्या तोंडून ऐकलं, दुसऱ्या दिवशी, यवतमाळच्या दवाखान्यात, वॉर्डबाहेरच्या फरशीवर. तिच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी होती आणि त्या पिशवीत त्याचे कपडे. पिशवीला तोच वास होता. ती माझ्याकडे न पाहता, सपाट आवाजात सांगत होती.

"वारा बिलकुल नव्हता. पऱ्हाटी डोक्शावर. दोन पंप मारले, तिसऱ्याले म्हने डोयापुढं पुसट होऊन राह्यलं, मयमय होऊन राह्यली. म्या म्हनलं, घरी चाला, कपडे बदला. तं म्हने, मशीनचं हाय. सकाऊन बी असंच झालं होतं, उतरलं का नाही? म्याडमनं सांगतलं हाय. पयसाखाली बसला, डोये मिटले, निंबू हुंगत राह्यला."

मी विचारलं, "मग?"

"मंग म्या बी बसू देल्लं."

उन्हं कलेपर्यंत तो त्या पळसाखाली तसाच बसला होता, त्याच भिजलेल्या कपड्यांत. सुमन मधून मधून विचारायची, तो हात हलवायचा, उतरते म्हणायचा. त्याच्या तोंडाला फेस आला तेव्हा ती बोंबलत धुऱ्यावर आली. बैलबंडी, मग जीप, मग यवतमाळ.

पिशवीत हात घालून तिनं ते लिंबू काढलं आणि माझ्या हातात दिलं. परत करावं तसं. तिच्या मनात टोमणा नव्हता. दुसऱ्याची वस्तू ठेवून घ्यायची नाही एवढंच. 

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. थकलेले, तापलेले, त्या हंगामात त्यांच्या वॉर्डात असे बरेच होते. ते सुमनवर ओरडले. इतका वेळ काय करत होता? दिसत नव्हतं का तुम्हाला? दुपारीच आणलं असतं तर! सुमन खाली मान घालून उभी राहिली. मी शेजारीच होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, की डॉक्टर, तिचा दोष नाही, थांबायला मी शिकवलं. ते मी बोलले नाही. डॉक्टर निघून गेले आणि सुमन पुन्हा फरशीवर बसली.

किसन वाचला. डोळे वाचले नाहीत, म्हणजे पूर्ण गेलेही नाहीत. डोळ्यांमागच्या शिरेला मार बसला, असं डॉक्टरांनी सांगितलं. जे उरलं आहे ते हळूहळू आणखी कमी होईल, म्हणून उरलेल्याचा वापर करा, त्यावर चालायला, वावरायला शिका. मला निखिलचा फोन आला. त्याचा आवाज पडला होता. "मॅडम, ते आपल्या सेशनशी रिलेटेड नाही ना?" मी म्हटलं, नाही, औषधाचं आहे. आणि हे खोटं नव्हतं. हंगाम संपल्यावर त्यानं पाठवलेला फॉर्म मी भरला. अडचणी या रकान्यात लिहिलं, काही जणांना तात्पुरती चक्कर. प्रतिसादाच्या रकान्यात लिहिलं, उत्तम. पुढच्या वर्षी कंपनी आली नाही. त्यांनी आणखी कुठं तरी वेगळं काही सुरू केलं असावं; डेमोचा हेडसेट माझ्याकडेच राहू द्या, आठवण म्हणून, असा निरोप मात्र आला.

आठवण म्हणून! मला कधी कधी वाटतं, या वस्तूच्या बाजाराचा विचार करणारी सगळी हुशार माणसं एका चक्राभोवती फिरतात. वजन कमी कसं करायचं, किंमत खाली कशी आणायची, ती गरगर कशी घालवायची. गरगर गेली की विक्री वाढेल. वाढेलच. जत्रेत तर आजही चालेल. आमच्या लोकांना समुद्र विकत नको आहे, पण पाहायला ते रांग लावतील. पण जिथं माणसाला खरोखरीच डोळ्यांपुढं अंधारी येते, जिथं ती येण्याला एक ठरलेला महिना आहे, तिथं ही वस्तू नेताना आपण काय शिकवतो, हे कोण बघणार? मी पंधरा गावांतल्या माणसांना शिकवलं, की घाम, मळमळ, चक्कर आणि पुसट दिसणं यांना घाबरायचं नाही. विष चढल्याची हीच चार लक्षणं असतात, आणि ती कृषी केंद्रातल्या भिंतीवरच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत. मी त्या तक्त्याखाली उभी राहून डेमो दिलेला आहे.

हे सगळं मी एकटीच उगाळत बसले असते. पण यंदा पोळ्यानंतर, तो फोन आला त्याच्या दोन दिवस आधी, सुमन क्लासवर आली. किसनचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायचं होतं, फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. मी कॉम्प्युटर सुरू केला. ती म्हणाली, राहू द्या, तो सहीच करत नाही. "त्याले वाटते, हे उतरनार हाय. काठी घेत नाही हातात. मांगच्या महिन्यात नालीत पडला, मनगट मोडलं. डाक्टर म्हने, डोये उघडे ठेवा, जेवढं दिसते तेवढ्याची सवय करा. हा दिवसभर मिटून बसते. म्हने, आराम देल्ला तं लवकर उतरते." मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "माह्यं आयकत नाही, डाक्टरचं आयकत नाही. डाक्टरले मशीनचं काय मालूम, म्हनते. तुमीच सांगा त्याले, म्याडम. तुमचंच आयकन."

तीन वर्षं. मला वाटत होतं, मी माझं ओझं वाहते आहे. प्रत्यक्षात तो माणूस माझं एक वाक्य धरून बसला होता आणि मी खिडक्या लावून घेत होते.

त्या पुण्याच्या मुलीला मी नंतर कळवलं. एक पान मागितलं होतं तिनं, मी चार ओळी लिहिल्या. लोकांना आवडेल, विकत घेणार नाहीत. फवारणीच्या महिन्यांत इकडे आणू नका. आणलंच तर चक्कर उतरते असं सांगताना कोणती चक्कर उतरत नाही तेही त्याच दमात सांगा, आणि हेडसेट लावलेल्या माणसाला त्या दिवशी वावरात जाऊ देऊ नका. शेवटी किसनची हकीकत लिहिली, नाव न घेता, माझं नाव घेऊन. तिचं उत्तर आलं, "थँक यू मॅडम, व्हेरी युजफुल." पण हे सगळं नंतर. आधी तांड्यावर जावं लागलं.

पांदणीनं चालत गेले. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी पात्यांवर, कळ्यांवर आलेली, मधूनमधून पिवळी फुलं, आणि आतून कुठून तरी पंपाची घरघर. पंप मारणारा दिसत नव्हता. फक्त एका जागी पऱ्हाटीच्या वर बारीक धुकं उठत होतं आणि ते हळूहळू पुढं सरकत होतं. मी तोंडाला पदर लावला. तांड्याच्या टोकाला तोच कडुनिंब, त्याच्याखाली खाटेवर किसन, बुंध्याला पाठ टेकून, डोळे मिटून. एका मनगटाला पट्टी. आठ वर्षांची चंदा जवळच पाटी घेऊन बसली होती. मी आले तशी ती उठली आणि "याडी, म्याडम आली" असं ओरडत आईकडे पळाली.

किसनचा चेहरा उजळला. डोळे त्यानं उघडले नाहीत. "म्याडम? मशीन आनली काय?"

"नाही आणली."

"बरं. मले वाटलं, आनली असन तं पाह्यलं असतं, त्यात दिसते काय. समुद्र अजून आठोते मले." तो जरा पुढं झाला. "दिवाईपर्यंत उतरते असं वाटून राह्यलं. परवा सुमनच्या साडीचा हिरवा रंग समजला बरं. एकदम साफ."

सुमन दारात उभी होती. तिच्याकडे हिरवी साडी नाही, हे तिनं मला बोलून दाखवलं नाही. तिनं फक्त नाही अशी मान हलवली. मी खाटेच्या कडेला बसले. इतक्या दिवसांत मी हे बोलणं मनात शंभरदा जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता सापडेना.

"किसनभाऊ, त्या दिवशी सकाळी समुद्र पाहून जे झालं ते मशीनचं होतं. ते इथंच, या झाडाखालीच उतरलं. तुम्ही हसले होते, आठवते?"

"आठोते नं."

"दुपारी वावरात झालं ते मशीनचं नव्हतं. ते औषध चढलं होतं."

तो खाटेवर सरसावून बसला. मग समजावणीच्या सुरात, जणू मलाच काही माहीत नाही, म्हणाला, "पन तसंच होतं ते, म्याडम. डिट्टो तसंच."

"तसंच होतं. तसंच असतं ते. हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. आणि दवाखान्यात मला कळलं, तेव्हाही सांगितलं नाही. तीन वर्षं सांगितलं नाही."

पंपाची घरघर थांबली. टाकी संपली असावी, आता त्याची बायको पाणी ओतत असेल. किसननं चांगल्या हातानं खाटेची सुंबाची दोरी धरली होती, ती तो अंगठ्यानं दाबत होता.

"मंग हे उतरत नाही?"

"नाही. हे उतरत नाही, किसनभाऊ."

मला वाटलं तो ओरडेल. मला ते हवं होतं. त्यानं नुसती दोरी सोडली.

"मंग मिटून कायले बसू?" तो म्हणाला, आणि त्यानं डोळे उघडले. मी समोर होते. तो माझ्या थोडं बाजूला, चंदा मघाशी जिथं बसली होती त्या रिकाम्या जागेकडे पाहत होता.

"पह्यल्या साली पोरीचं तोंड दिसत होतं, म्याडम. जवळ घेतलं का दिसत होतं. मी डोये मिटून बसलो."